नळाची चावी ऑफिसात: शिरोलीतल्या एका फौंड्रीचं प्रकरण

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतायच्या कारखान्यात, संध्याकाळचं ओतकाम चालू असताना लेडलमधलं, म्हणजे रस ओतायच्या भांड्यातलं, थोडं वितळलेलं मेटल एका कामगाराच्या बुटात गेलं. थोडं म्हणजे किती, तर नंतर बुटातून निघालेला गोठलेला तुकडा सुपारीएवढा होता. बिडाचा (ओतीव लोखंडाचा) रस साच्यात ओततात तेव्हा त्याचं तापमान १३०० ते १४०० अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. सुपारी पुरते.

पुढच्या काही मिनिटांत काय झालं ते मला तिथल्याच माणसांनी सांगितलं, प्रत्येकाने जरा वेगळं. जुळलेल्या गोष्टी एवढ्या: बूट नाडीचा होता आणि नाडीला निरगाठ पडलेली. कुणीतरी हॅक्सॉचं पातं आणून ती कापली. पाऊल उघडं पडल्यावर एकजण टूथपेस्ट घेऊन धावला, दुसरा शाई शोधत ऑफिसात गेला आणि हात हलवत परत आला, कारण शाईचं पेन आता कुणाकडे असतं? पेस्ट थापली, वर गळ्यातला पंचा गुंडाळला, मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये त्याला बसवलं आणि पंचगंगेचा पूल ओलांडून शहरात नेलं. भाजल्यापासून दवाखान्याच्या दारापर्यंत पाऊण तास. या पाऊण तासात त्या पायावर कुणी तांब्याभर पाणीसुद्धा ओतलं नाही.

मी बारा वर्षं नर्स म्हणून काम केलं, त्यातली बरीच जळीत रुग्णांच्या वॉर्डात. आता कारखान्यांत, शाळांत, मंडळांत जाऊन प्रथमोपचार शिकवते. पंधरवड्याने त्या फौंड्रीच्या मालकांचा फोन आला. “मॅडम, एक दिवसाचं ट्रेनिंग करून टाका. हॉल बघितलाय, एसी आहे. सर्टिफिकेट तेवढी द्या.” त्यांची काळजी खरी होती. भाजलेल्या मुलाचा सगळा खर्च त्यांनीच केला होता. पण “करून टाका” या शब्दांची मला आता धास्ती वाटते. हॉलमध्ये करून टाकलेली प्रशिक्षणं मी पुष्कळ बघितली आहेत, चार-दोन मीही केली आहेत. शेवटी बॅनरखाली फोटो निघतो, आणि महिन्याभराने शॉपवर, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या जागी, जाऊन विचारलं तर लोकांना जेवणात काय होतं ते आठवतं.

मी दोन अटी घातल्या. प्रशिक्षण शॉपवरच होईल, आणि त्याआधी मी एक पाळी तिथे नुसती हिंडून बघेन. मालकांनी भट्टीकडे बोट दाखवलं. चालू भट्टी बंद ठेवायची म्हणजे हिट, म्हणजे एका खेपेचा रस, गेली. मार्ग सुपरवायझरने काढला. विजेवरच्या इंडक्शन भट्टीचं लायनिंग, म्हणजे आतलं अस्तर, ठरावीक मुदतीने उकरून नवं भरावं लागतं, तेव्हा ओतकाम बंदच असतं. तो दिवस धरला.

पेटीत काय होतं

हिंडून बघायच्या दिवशी पहिल्यांदा पेटी मागितली. पेटी होती, भिंतीवर होती, आणि कुलूपबंद होती. किल्ली ऑफिसात आणि ऑफिस साडेपाचला बंद होतं. उघडल्यावर आत पिवळी पडलेली दोन बँडेजं, मुदत संपलेली औषधाची बाटली, डोकेदुखीच्या गोळ्या आणि कुणाचा तरी बिडीचा कट्टा.

१९४८ च्या कारखाने कायद्याचं (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली) कलम ४५ इथल्या बहुतेक मालकांना अर्धं पाठ असायचं: दर १५० कामगारांमागे एक पेटी. इथे माणसं नव्वदच्या घरात, त्यामुळे एका पेटीत हिशेब मिटला. त्याच कलमाचा उरलेला भाग कुणी वाचत नसे. पेटीत ठरवून दिलेल्या वस्तूंशिवाय काहीही ठेवायचं नाही. आणि पेटी एका जबाबदार माणसाच्या ताब्यात हवी. त्याच्याकडे सरकारने मान्य केलेलं प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र हवं आणि कामाच्या वेळात तो कधीही हाताशी सापडला पाहिजे. कामाच्या वेळात म्हणजे तिन्ही पाळ्यांत. या फौंड्रीत असा माणूस कागदावर एक होता, आणि तो स्टोअर्सचा, जनरल शिफ्टचा.

मग पाणी कुठे आहे ते शोधलं. पोअरिंग लाइनपासून, म्हणजे ओतकामाच्या रांगेपासून, सगळ्यात जवळचा नळ कँटीनच्या बाजूला, साठ-सत्तर पावलांवर. वाट साच्यांच्या रांगांमधून जाणारी, वाटेत नॉकआउटला, म्हणजे साचे फोडायच्या जागी, काढलेल्या गरम कास्टिंगचा (ओतीव वस्तूंचा) ढीग. नळापाशी पोचले तर त्याला फिरवायची चावीच नव्हती. पाणी वाया जातं म्हणून काढून ठेवलेली. कुठे? ऑफिसात.

टूथपेस्टवाल्याला अडाणी म्हणणं सोपं आहे. त्याला पेस्ट पंधरा पावलांवर मिळत होती.

“हितं पाणी आणायचं न्हाई”

लायनिंगच्या दिवशी सकाळी चोवीस जण वाळूच्या ढिगाजवळ बसले. मी नेहमीसारखी सुरुवात केली: भाजलं की पहिल्यांदा पाणी, वाहतं पाणी, वीस मिनिटं. शाळेत, सोसायटीत हे वाक्य सरळ पार होतं, लोक माना डोलावतात. इथे पुढच्या रांगेतला एक जुना लेडलवाला, सगळे ज्याला मामा म्हणतात, तो उठून उभाच राहिला.

“मॅडम, हितं पाणी आणायचं न्हाई. मेटल उडतंय.”

मागून दोघं-तिघं म्हणाले, “व्हय, उडतंय.”

तेव्हा मला पहिल्यांदा त्या पाऊण तासाचा उलगडा झाला. पाणी कुणाला सुचलं नाही असं मी धरून चालले होते. पाणी टाळलं होतं. फौंड्रीत माणूस कामाला लागला की पहिल्या दिवशी त्याला हेच शिकवतात: ओला भंगार भट्टीत टाकायचा नाही, ओल्या लेडलमध्ये रस घ्यायचा नाही, ओतकामाच्या जागी सांडलेलं पाणी चालायचं नाही. आणि ते शंभर टक्के बरोबर आहे. वितळलेल्या धातूखाली पाणी सापडलं की त्याची क्षणात वाफ होते, वाफेला पाण्याच्या सोळाशे पटींहून जास्त जागा लागते, आणि ती जागा करून घेताना ती वरचा सगळा रस उडवते. मामांनी असा स्फोट एकदा डोळ्यांनी बघितला होता. त्यांच्या लेखी पाणी घेऊन लाइनकडे धावणारा माणूस मदत करणारा नव्हता, दुसरा अपघात आणणारा होता.

माझ्या हातातल्या चार पानी पुस्तिकेत याबद्दल एक ओळ नव्हती. ती मीच लिहिलेली आहे, आणि तिच्यातलं चित्र गॅसच्या शेगडीचं आहे.

मग तासभर आम्ही शिकवणं-शिकणं सोडून भांडलो. पाणी कुठे चालेल आणि कुठे नाही? रस लेडलमध्ये, साच्यात, जमिनीवर पातळ असेल तिथे नाही. माणूस तिथून बाहेर काढला की चालेल. बुटात मेटल असेल तर? आधी माणूस लाइनबाहेर, मग बूट ओढून काढा, मग पाणी. कातडीला चिकटलेला कपडा किंवा तुकडा ओढायचा नाही, त्याच्यावरूनच पाणी सोडायचं. “बाहेर म्हणजे कुठं?” या प्रश्नावर मामांनीच खडूने जमिनीवर रेघ मारली. रेघेच्या आत पाणी नाही, रेघेच्या पलीकडे पाणीच पाणी. दुसऱ्या दिवशी त्या रेघेवर पिवळा ऑइलपेंट चढला. त्या अख्ख्या प्रशिक्षणात माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाची वस्तू ती, आणि ती माझी नाही.

बुटाचाही विषय तिथेच निघाला. ओतकामाला नाडीचा बूट नकोच. झटक्यात निघणारा, बिननाडीचा, वरचं तोंड गेटरने (बुटावरच्या संरक्षक आवरणाने) झाकलेला हवा, आणि पँट बुटाच्या बाहेरून सोडलेली. पँट बुटात खोचली की बुटाचं तोंड म्हणजे नरसाळं. हे प्रथमोपचारात मोडत नाही असं मालक म्हणाले. मोडत नसेलही.

वीस मिनिटं का, हे मात्र नीट समजावून सांगावं लागलं. वरची आग गेली तरी कातडीच्या खालच्या थरांत उष्णता मुरत राहते आणि जखम खोल होत जाते. वाहतं पाणी ती बाहेर काढतं. बर्फ नको, त्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि आधीच दुखावलेली कातडी आणखी मरते. पेस्ट, हळद, शाई, तूप, कोरफड यातलं काहीच नको. दवाखान्यात आम्हाला ते खरवडून काढावं लागतं आणि तेव्हाचं ओरडणं मी ऐकलेलं आहे. फोड फोडायचे नाहीत. सूज यायच्या आत अंगठी, कडं, घड्याळ उतरवायचं. पाणी झाल्यावर स्वच्छ पातळ प्लास्टिक सैल ठेवायचं. हात-पाय असेल तर नवी कोरी पिशवी चालते. आणि पाणी उशिरा मिळालं तरी मिळू द्यायचं, कारण भाजल्यापासून तीन तासांपर्यंत त्याचा उपयोग होतो. म्हणजे त्या मुलाला दवाखान्याच्या दारात, पाऊण तासानंतरही झाला असता. हे ऐकल्यावर त्याला मोटारसायकलवर नेणाऱ्यांपैकी एकजण उठून बाहेर गेला आणि चहाच्या वेळीच परत आला.

सीपीआर म्हणजे सीपीआर

दुपारी छाती दाबण्याचा भाग होता. मी विचारलं, “माणूस पडलाय, हलवलं तरी हलत नाही, श्वास नाही. काय द्यायचं?”

एका सुरात उत्तर आलं, “सीपीआर!”

मला आनंद झाला. तो पाच सेकंद टिकला.

“मंग? सीपीआरलाच न्यायचं की. दुसरीकडं कुठं नेतासा?”

बाहेरगावच्या वाचकांसाठी: कोल्हापुरात सीपीआर म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे सर्वोपचार रुग्णालय, आमचं सरकारी इस्पितळ. रिक्षावाल्याला नुसतं सीपीआर म्हणा, पुढचं विचारत नाही. जगभर जो शब्द “इथेच, आत्ता, छातीवर हात ठेव” असं सांगतो, तोच शब्द आमच्या गावात “उचल आणि गाडीत घाल” असं सांगतो. विनोद म्हणून मी हे बऱ्याच ठिकाणी सांगत आले, पण त्या दिवशी मनावर घेतलं. बंद पडलेल्या हृदयाला गाडीतला प्रवास परवडत नाही. रक्त थांबल्यावर मेंदूला इजा व्हायला चार-पाच मिनिटं पुरतात. तेव्हापासून मी कोल्हापूर जिल्ह्यात शिकवताना तो शब्दच टाकलाय. “छाती दाबा” म्हणते.

दाबण्यात ही मंडळी तयार निघाली. दोघं तालमीत जाणारे होते. छातीच्या मधोमध, पाच ते सहा सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. शाळेतल्या शिक्षिकांना एवढं दाबायचं म्हटलं की भीती वाटते. इथे पुतळ्याची स्प्रिंग जाईल की काय अशी मला भीती. अडचण वेगळी निघाली: जोर मारायची सवय, त्यामुळे कोपर वाकायचे आणि दम लवकर जायचा. कोपर ताठ, खांदे हाताच्या बरोबर वर, आणि ताकद दंडाची न वापरता अंगाच्या वजनाची. शिवाय दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची, नाहीतर हृदयात रक्त भरणार कुठून? वेग चुकत होता म्हणून एकाने रंगाच्या रिकाम्या डब्यावर हलगीसारखा ठेका धरला. मी मोबाईलवर मोजला, ११० ला बसला. मग सगळ्यांनी त्यावरच केलं, दर दोन मिनिटांनी माणूस बदलून.

शॉक लागलेल्याला हात लावायच्या आधी मेन स्विच, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. तो भाग दहा मिनिटांत उरकला. ग्राइंडिंगचा कण डोळ्यात गेला की रुमालाच्या टोकाने किंवा काडेपेटीच्या काडीने काढून देणारा एक ‘तज्ज्ञ’ प्रत्येक फेटलिंग शॉपमध्ये, म्हणजे कास्टिंग घासून साफ करायच्या विभागात, असतो. तो इथेही होता, आणि त्याला निवृत्त करायला अर्धा तास लागला. फिट आलेल्याच्या नाकाला चप्पल लावायची का, हा प्रश्न कोल्हापुरात टळत नाही. चप्पल अस्सल कोल्हापुरी असली तरी उपयोग नाही असं सांगितल्यावर लोक हसले. पण एकाने गंभीरपणे विचारलं, मग शुद्धीवर येतात ते कसे? बहुतेक फिट आपल्या आपण दोन-तीन मिनिटांत थांबते, श्रेय चप्पल घेऊन जाते. आजूबाजूच्या टणक वस्तू हटवायच्या, झटके थांबले की कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही. पाच मिनिटांच्या वर गेली तर १०८.

१०८ वर आल्यावर मी एकाला खोटा फोन करायला लावला, मी पलीकडची ऑपरेटर झाले. “कुठून बोलताय?” “शिरोलीतनं. फौंड्रीतनं.” शिरोलीत फौंड्री म्हणजे पंढरपुरात विठोबाचा फोटो. प्लॉट नंबर चोवीस जणांत दोघांना माहीत. ओरिसा-बिहारकडून आलेल्या ठेकेदारीवरच्या सहा जणांना तर गेटवरची मराठी पाटीही वाचता येत नव्हती. त्यातल्या एकाने बरोबर मुद्दा काढला: “मॅडम, मैं फोन करूँगा तो बोलूँगा क्या?” आता फोनशेजारी मराठी आणि हिंदीत चार ओळींचा कागद आहे: प्लॉट नंबर, महामार्गावरून कुठे वळायचं, जवळची खूण, आणि वॉचमनने बॅटरी घेऊन कोपऱ्यावर थांबायचं.

महामार्ग म्हटला की पोलिसांची भीती निघते. पुणे-बंगळुरू रस्ता दारातून जातो, अपघात डोळ्यांसमोर होतात, आणि “नसती भानगड” म्हणून माणसं पुढे होत नाहीत. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४अ आलं. रस्त्यावरच्या अपघातग्रस्ताला सद्हेतूने मदत करणाऱ्याला त्याने संरक्षण दिलंय. मदत करणाऱ्याने नाव सांगण्याचीही सक्ती नाही. हे मी सांगितलं. किती जणांचा विश्वास बसला ते चेहऱ्यावरून कळलं नाही.

मामांनी शेवटी पुराचं काढलं. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि रस्ता बंद झाला. शहर नदीच्या त्या बाजूला, हे इकडे. “तवा १०८ काय हुडीतनं येणार?” याचं नीट उत्तर माझ्याकडे नव्हतं. पलीकडे जाता येत नसेल तेव्हा हातकणंगले-इचलकरंजीच्या बाजूचे दवाखाने कुठले चालू आहेत ते आधीच लिहून ठेवा, एवढंच म्हणाले.

कसरत

चार वाजता खरी परीक्षा. एकाला लाइनवर आडवं केलं, बुटात मेटल गेलंय म्हणून ओरडायला लावलं, आणि घड्याळ लावलं. बिनचावीच्या नळाखाली पाय पोचायला तीन मिनिटं चाळीस सेकंद. नंतर चावीसाठी ऑफिसपर्यंत माणूस गेला तो वेळ धरलाच नाही. मालक शेजारी उभे होते. काही बोलले नाहीत, पण तिथूनच प्लंबरला फोन लावला. आठवड्यात रेघेच्या पलीकडे नवा नळ आला, त्याला लांब रबरी पाइप आणि खाली बसायला सिमेंटचा कट्टा. दुसऱ्यांदा वेळ लावली तेव्हा एक मिनिटाच्या आत पाय पाण्याखाली होता. पेटीचं कुलूप गेलं, बिडीचा कट्टा ज्याचा होता त्याच्याकडे परत गेला.

चार महिन्यांनी, मे मध्ये

नॉकआउटला नव्याने लागलेल्या एका मुलाने गार झाली समजून कास्टिंगवर हात ठेवला. तो प्रशिक्षणानंतर कामाला आलेला. आसपासचे दोघेही नवे. त्याला ओढत नळावर नेलं ते कँटीनच्या मावशींनी. त्या माझ्या चोवीस जणांच्या यादीत नव्हत्या. त्या दिवशी चहा देता देता उभ्या राहून जेवढं कानावर पडलं तेवढंच त्यांचं प्रशिक्षण.

त्यांनी नळ सोडला आणि पोरगं किंचाळलं. नव्या नळाची लाइन प्लंबरने पत्र्यावरच्या काळ्या टाकीवरून घेतली होती. मे महिन्यातली दुपारी तीनची वेळ. आतून आलेलं पाणी हात लावून बघायच्या लायकीचं नव्हतं. मी जानेवारीत कसरत घेतली होती, तेव्हा ते गारच होतं आणि पुढचं मला सुचलं नव्हतं. मावशींनी नळ बंद केला, प्यायच्या पाण्याचे वीस लिटरचे जार लोळवत आणले आणि एक वाडगा घेऊन हातावर ओतत बसल्या. टूथपेस्ट घेऊन आलेल्या एकाला त्यांनी काय म्हटलं ते इथे लिहिता येणार नाही.

पाणी किती वेळ चाललं, तर सहा-सात मिनिटं. तेवढ्यात मोटारसायकल दारात आली आणि ‘गाडी आलीय, चला’ म्हणून सगळे निघाले. वीस मिनिटांचा नियम गाडी दिसली की कुणालाच आठवत नाही, हे मी इतरही कारखान्यांत बघितलंय. थांबणं म्हणजे वेळ घालवणं असं वाटतं. पंजा भाजला असेल तर दवाखाना हवाच, तो कितीही लहान दिसला तरी. पण श्वास नीट आहे, शुद्ध आहे, तर उरलेली तेरा मिनिटं नळाखालीच जायला हवी होती. मुलगा बरा आहे, मूठ पूर्ण वळते. सहा-सात मिनिटांचा त्यात किती वाटा, ते मी सांगणार नाही.

आता लाइन जमिनीखालच्या टाकीवरून घेतलीय आणि छोटी मोटर बसवलीय. नळावर मोठ्या अक्षरांत “२० मिनिटं” रंगवलंय, शेजारी भिंतीवर एक घड्याळ. मावशींचं नाव यादीत पहिलं आहे. यादीतले मूळचे चोवीस जण आता पंधरा उरलेत, बाकीचे ठेकेदार बदलला तसे गेले. रात्रपाळीचं प्रशिक्षण अजून झालेलं नाही. मालक म्हणतात, पुढच्या लायनिंगला.